सहा इंचांचा वाद

टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरातून आय-३५ हा महामार्ग दक्षिणोत्तर जातो. ढोबळमानाने त्याच्या पश्चिमेला चुनखडीच्या टेकड्या आहेत आणि पूर्वेला काळी जमीन. या काळ्या मातीतल्या सर्वांत नावाजलेल्या प्रकाराला मृदाशास्त्रात ‘ह्यूस्टन ब्लॅक’ म्हणतात. ती व्हर्टिसॉल गटात मोडते आणि मराठवाड्या-विदर्भातली आपली रेगूरही त्याच गटातली. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा, आणि पाऊस झाला की फुगून इतकी चिकट की पायातला बूट तिथेच राहावा. इथला शेतकरी या मातीला शिव्या देतो आणि इथलाच तरुण सुटीच्या दिवशी तिच्यात पिकअप ट्रक घालायला पैसे मोजतो. या खेळाचं नाव मडिंग. त्यासाठी खास मड पार्क असतात. फाटकावर तिकीट घ्यायचं, दिवसभर चिखलात रुतायचं, निघायचं, पुन्हा रुतायचं.

माझा एक शेजारी या नादाला लागला आहे. त्याने २०१५ची वापरलेली शेव्हरोले सिल्वराडो १५०० घेतली आहे : फोर-व्हील ड्राइव्ह, चार दरवाजांची, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन. त्याचे मामा परभणीकडचे, हयात ट्रॅक्टर आणि जीपच्या दुरुस्तीत गेलेली. ते सध्या भाच्याकडे मुक्कामाला आहेत. रोज संध्याकाळी दोघं गाडीखाली टॉर्च घेऊन वाद घालतात. मी ऐकायला जातो, आणि मला विचारलं तर बोलतोही.

भाचा : मामा, ठरलंय माझं. सहा इंची सस्पेन्शन लिफ्ट किट आणि पस्तीस इंची मड-टेरेन टायर.

मामा : सहाच कामून? चार कामून नाही?

भाचा : चारमध्ये पस्तीसचं चाक वळवताना फेंडरला आणि आतल्या कोपऱ्याला घासतं. सहामध्ये आरामात बसतं. सगळे हेच करतात.

मामा : म्हणजे उंची टायरसाठी हवी. मग टायरपासूनच बोलू, किटपासून नको. मला एक सांग, चिखलात गाडी अडकते म्हणजे नेमकं काय होतं?

भाचा : चाक रुततं.

मामा : रुतू दे की! चाक रुतून तळाला लागलं तर उलट पकड येते. गाडी थांबते ती चाकाच्या मधलं लोखंड टेकल्यावर. तुझ्या गाडीला मागं अख्खा धुरा आहे, मधोमध डिफरन्शियलचा गोळा. तो जमिनीपासून किती वर?

भाचा : नऊ इंचांच्या आसपास.

मामा : सहा इंचांचं किट बसवल्यावर?

भाचा : ...नऊच.

मामा : आणि पस्तीसचं चाक घातल्यावर?

भाचा : आत्ताचं चाक ३१.६ इंचांचं आहे. पस्तीस वजा ते, ३.४. त्याचं निम्मं, १.७ इंच.

मामा : म्हणजे दोन-तीन हजार डॉलरच्या किटनं गोळा तसूभरही उचलला नाही. टायरनं पावणेदोन इंच उचलला.

किट विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हा मुद्दा कधी ठळक छापलेला दिसत नाही, म्हणून इथे दोन वाक्यं जास्त लिहितो. सस्पेन्शन लिफ्ट धुरा आणि चासी यांच्यामधलं अंतर वाढवते. बॉडी लिफ्ट चासी आणि वरची केबिन यांच्यामधलं. धुरा आणि जमीन यांच्यामधलं अंतर फक्त चाक वाढवतं. पोर्टल अॅक्सल नावाची एक सोय असते, तीत चाकाच्या हबमध्येच गिअर बसवून धुरा वर उचलतात. मर्सिडीजची युनिमॉग गाडी त्यासाठीच ओळखली जाते. पण ती सोय बाजारातल्या सिल्वराडोच्या किटमध्ये येत नाही.

भाचा : मागचं मान्य. पण पुढे अख्खा धुरा नाही, स्वतंत्र सस्पेन्शन आहे. पुढचं डिफरन्शियल चासीलाच बांधलेलं. चासी सहा इंच वर गेली की तेही वर जाईल.

मामा : मग त्याच्यातून चाकाकडं जाणारे शाफ्ट किती तिरपे होतील?

भाचा : तेवढे चालत नाहीत. दोन-अडीच इंचांपर्यंत नुसता स्पेसर घालून भागतं, त्यापुढे सीव्ही जॉइंटचा कोन सोसत नाही, बूट फाटतात. म्हणून सहाच्या किटमध्ये डिफरन्शियल खाली घ्यायच्या ब्रॅकेट देतात, चाकाचे नकल लांब देतात आणि चासीची मूळ क्रॉसमेंबर कापून नवी खालच्या बाजूला बसवतात.

मामा : म्हणजे चासी वर उचलली आणि डिफरन्शियल परत खाली सोडलं. राहिलं ना जिथल्या तिथं?

भाचा : जवळपास. पण मामा, तुम्ही फक्त गोळ्याचं बोलताय. पोटाचं काय? माझ्या गाडीचा व्हीलबेस १४३.५ इंच आहे, जवळजवळ बारा फूट. गाडी मऊ चिखलात बसली की गोळा चिखल कापत जातो, तो एवढासा आहे. पण क्रॉसमेंबर, ट्रान्सफर केस, पायऱ्या असं सपाट पोट टेकलं की गाडीचं सव्वादोन टनांहून जास्त वजन पोटावर येतं आणि चाकं हलकी होऊन नुसती फिरतात. मग ट्रॅक्टर बोलवा. बांधावरून, उंचवट्यावरून उतरताना बारा फुटांच्या मधे पोटच आधी अडतं. त्यासाठी सहा इंच कामाचे आहेत.

मामा : हां. हे खरं बोललास. आमची जीप बुटकी, दोन चाकांत अंतर कमी, म्हणून पोटाचा त्रास आम्हाला कमी पडायचा.

इथे मामा पहिल्यांदा मागे सरले आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. मध्यंतरी भाच्याने एक गोष्ट सांगितली, ती त्यांना आधी पटली नव्हती. मड पार्कमध्ये चाकोऱ्या असतात, आणि त्या पाडणारी गाडी तुमच्यापेक्षा मोठी असते. चाळीस-चव्वेचाळीस इंची चाकांच्या ट्रकने पाडलेल्या चाकोरीत बत्तीसच्या चाकाची गाडी उतरली की मधला मातीचा वरंबा थेट पोटाला लागतो. शेतात तुम्ही स्वतःच्या चाकोरीने जाता, इथे दुसऱ्याच्या.

मामा : पण मी म्हणतो, हे सगळं कामून? आमच्याकडं काळ्या रानात गाडी रुतली की त्या दिवसाचं काम गेलं. तू काम नसताना रुतवायला चाललास.

भाचा : मजा येते.

मामा : ते राहू दे. चालवणार कशी, ते सांग. आम्ही खालच्या गिअरला, हळू, चाकाला माती धरू देत. अरुंद टायर खाली घट्ट तळापर्यंत जातो. तुझे हे साडेबारा इंची रुंद टायर चिखलावर तरंगतील.

भाचा : तळ असेल तर तुमचं खरं. इथे कधी कधी तळच नसतो. शिवाय ही चिकणमाती टायरच्या खोबणीत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. ती फेकून द्यायला चाक वेगाने फिरावं लागतं. म्हणूनच इथले लोक पाय दाबून जातात. आणि तुमच्या ट्रॅक्टरचं मागचं चाक तेरा-सहा-अठ्ठावीस, म्हणजे उंची चार फुटांच्या वर. माझं अडीच फुटांपेक्षा जरा जास्त. तुलना कशी करायची?

मामा : मग घाल की ट्रॅक्टरची चाकं.

भाचा : घालतात ना! मेगा ट्रक म्हणतात त्यांना. लष्कराच्या जुन्या अडीच-टनी ट्रकचे रॉकवेलचे धुरे काढून बसवतात आणि त्यावर शेतीच्या ट्रॅक्टरचे टायर, वजन कमी करायला त्यांचे खूर कापून.

मामा बराच वेळ हसत होते. त्यांचा अख्खा जन्म ज्या टायरचे पंक्चर काढण्यात गेला, तो टायर इथे खेळासाठी कापला जातो, हे त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं. उंच गाड्यांचं हे वेड कुठून आलं, तेही त्यांनी विचारलं. एकच उगम दाखवता येणार नाही, पण मिसूरीतल्या बॉब चँडलरने आपल्या १९७४च्या फोर्ड एफ-२५०ला धुरे, चाकं, इंजिन बदलत बदलत ‘बिगफूट’ केलं आणि १९८१ साली तिने जुन्या मोटारी चिरडून दाखवल्या, त्यानंतर अमेरिकेतल्या बऱ्याच पोरांच्या डोळ्यांत उंची भरली. चँडलरचं स्वतःचं दुकानच फोर-व्हील-ड्राइव्हच्या सामानाचं होतं. मोडलं की आणखी दणकट घालायचं, असं करत ती गाडी वाढली. आज लोक उंचीपासून सुरुवात करतात.

मामा : बरं, पस्तीसचं चाक धरू. गिअर काय आहे मागं?

भाचा : ३.४२.

मामा : चाक मोठं झालं की तो तेवढाच राहतो का?

भाचा : नाही, परिणामाने ३.०९ होतो. मागच्या धुऱ्याची ओढ साधारण एक दशांशाने कमी. मीटरही चुकतो. साठ मैल दाखवेल तेव्हा गाडी सहासष्टच्या पुढे पळत असेल. ते कॉम्प्युटरवर दुरुस्त होतं.

मामा : मीटर दुरुस्त होईल, ओढीचं काय? चिखलात चाक फिरवायला ओढच लागते ना, तूच म्हणालास वेगानं फिरावं म्हून. पहिल्यापेक्षा जड चाक, वर चिखलाचं वजन, आणि ओढ कमी. गिअरबॉक्सचं तेल जळणार.

भाचा : क्राउन-पिनियन बदलून ४.१० करता येईल. पण मागे आणि पुढे, दोन्हीकडे बदलावं लागतं. दोन्ही वेगळे राहिले तर फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर आतलं काहीतरी तुटेल. खर्च किटएवढाच जातो.

मामा : मग किट थांबव आणि ते कर.

भाचा : मामा, चाक बसायलाच जागा नाही तर गिअर घेऊन काय करू?

हा पेच खरा आहे आणि पुष्कळजण तो अर्ध्यावर सोडतात. किटचे पैसे देतात, टायरचे देतात, गिअरसाठी काही उरत नाही, आणि वर्षभर बिचारी गाडी रस्त्यावर सुस्त आणि चिखलात हतबल अशी चालते. बाहेरून मात्र भारदस्त दिसते.

मामांनी मग बॉडी लिफ्टची बाजू घेतली. बॉडी लिफ्ट म्हणजे चासी आणि केबिन यांच्यामधले रबरी माउंट जिथे असतात, तिथे कडक प्लॅस्टिकचे ठोकळे घालून लांब बोल्ट लावायचे. एक ते तीन इंच.

मामा : चासी, इंजिन, गिअरबॉक्स सगळं जड सामान खाली राहतं. सस्पेन्शनला हात नाही, शाफ्टचा कोन बदलत नाही. फेंडर वर गेल्यावर चाकाला जागा मिळते. पुढं दोन इंचांचा स्पेसर, वर तीन इंचांची बॉडी लिफ्ट, फेंडरच्या आत जरा काटछाट. बसतं का पस्तीसचं चाक?

भाचा : बसवणारे आहेत. पण स्टिअरिंगचा शाफ्ट लांबवायचा, बंपर खालीच राहतो तो वर घ्यायचा, केबिनखालची चासी उघडी दिसते. आणि पोट? पोट जिथल्या तिथं!

मामा : दिसण्याचं सोड, चिखलात काय दिसतंय.

भाचा : दिसण्याचं सोडलं. पोटाचं नाही सोडणार.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गाडी पार्कला नेणार कशी? ट्रेलरवर लादून की स्वतः चालवत? भाचा म्हणाला, चालवत, दोन तास, सत्तर मैलांच्या वेगाने, आणि बायको-मुलगी सोबत असतील. माझ्या लेखी निम्मा निकाल इथेच लागतो. सहा इंचांच्या किटमध्ये गाडीचं जवळपास सगळं वजन वर जातं आणि गुरुत्वमध्यही त्याबरोबर. अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं आहे, पण ते कारखान्याने ज्या उंचीवर बेतलं त्या उंचीसाठी. वर मोठं, जड चाक फिरवायचं आणि थांबवायचं म्हणजे ब्रेकचं अंतर वाढतं. चांगलं किट नीट बसवलं, अलाइनमेंट केलं तर अशी गाडी रोज चालवणारे हजारो लोक आहेत, हेही खरं. मात्र ती आधीची गाडी राहत नाही. चालवणाऱ्याने वळणावर आणि ब्रेकवर ते लक्षात ठेवावं लागतं.

कायद्याची बाजू टेक्ससमध्ये सैल आहे. हेडलाइट जमिनीपासून २४ ते ५४ इंचांत हवेत, तेवढं या गाडीला सहा इंचांनंतरही जमतं. फक्त त्यांचा रोख खाली करावा लागतो, नाहीतर समोरचा आंधळा होतो. आग्नेयेकडच्या राज्यांतल्या पोरांनी नाक वर आणि शेपूट खाली अशी ‘स्क्वॉट’ची तऱ्हा उचलली, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाने २०२१मध्ये पुढचा फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून जास्त उंच चालणार नाही असा कायदा केला. मागून व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनानेही बंदी घातली. मामांनी हायवेवर तशी एक गाडी पाहिली होती आणि तिचे मागचे पाटे तुटलेत असं समजून त्यांना वाईट वाटलं होतं.

मामा : मागं काय करणार? किटमध्ये काय येतं?

भाचा : पाट्यांखाली चार-पाच इंचांचे ठोकळे आणि लांब यू-बोल्ट.

मामा : ठोकळ्यावर ठोकळा नाही ना?

भाचा : नाही, एकच.

मामा : तरी धुरा पीळ खाणार. एवढ्या उंच ठोकळ्यावर जोर दिलास की गोळ्याचं नाक वर उचलतं, पाटा एसच्या आकाराचा होतो, क्रॉस जातो. आमच्याकडं माल जास्त न्यायचा असला की एक पाटा वाढवतात. ते बरं.

भाचा : पाटा वाढवून दीड-दोन इंच मिळतील, सहा नाही. इथे पीळ थांबवायला ट्रॅक्शन बार लावतात.

मामा : लावा. आणि यू-बोल्ट एकदा काढला की परत वापरायचा नाही. नवा घे, काही शे मैलांनी पुन्हा आवळ. हे मात्र तिथं नि इथं एकच.

मग मामा चुंबक मागायला लागले. कारण भाच्याने किटच्या पानावर एक सूचना वाचून दाखवली होती. या वर्षांतल्या सिल्वराडोंना पुढचे कंट्रोल आर्म तीन तऱ्हांचे येतात : अॅल्युमिनियमचे, पत्रा दाबून केलेले आणि ओतीव पोलादाचे. किट त्याप्रमाणे वेगळं. नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगून मागवलं तर भलतंच येतं. फ्रिजवरचं चुंबक घेऊन मामा गाडीखाली गेले, लावून पाहिलं, चिकटलं नाही. अॅल्युमिनियम. भाच्याने ऑनलाइन टोपलीत टाकलेलं किट दुसऱ्या तऱ्हेचं निघालं.

मामा : काढून टाक ते आता. आणि ऐक, एक गोष्ट उंचीच्या आधीची आहे. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं, टाचेखाली. एक चाक फिरायला लागलं की पेडल दाबायचं, दोन्ही चाकं बांधली जातात. तुझ्या गाडीला काय आहे?

भाचा : पेडल नाही. जी-८० नावाचा पर्याय असला तर मागे आपोआप लॉक होणारं ईटनचं डिफरन्शियल असतं. दोन चाकांत मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की ते खटकन लॉक होतं.

मामा : असला तर? तुला माहीत नाही?

भाचा : पाहिलं नाही.

मामा : एका चाकावर चाललास तर सहा इंच काय, सहा फूट वर गेलास तरी चिखलातच. आणि ब्रीदरची नळी कुठवर आहे?

याची मात्र भाच्याला कल्पना होती. तापलेला धुरा गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. दोन-चार दिवसांनी तेल काढलं की पांढरट निघतं. काही डॉलरची नळी लावून ब्रीदर इंजिनच्या वरपर्यंत नेला की भागतं. ओढून काढायच्या सामानाबद्दलही दोघांचं एकमत झालं. ताणला जाणारा दोर, चासीला नीट बसवलेले शॅकल, आणि ट्रेलरच्या बॉल हिचला दोर कधीही अडकवायचा नाही. तो बॉल तुटून गोळीच्या वेगाने उडाल्यामुळे माणसं मेलेली आहेत.

मामा : दाखव तो जी-८०.

पर्यायांचे कोड असलेलं स्टिकर ग्लव्ह बॉक्समध्ये असतं. भाच्याने टॉर्च धरला आणि तीन-तीन अक्षरांच्या रांगांवरून बोट फिरवत गेला.

भाचा : आहे! हे बघा, जी-८०.

मामा : पस्तीसच्या चाकाला टिकतो का तो?

भाचा : मड पार्कवाले त्याला ‘गव्हबॉम्ब’ म्हणतात. मोठ्या चाकांवर जोर आला की फुटतो.

मामा : मग गिअर बदलायला हाउसिंग उघडशीलच. तेव्हाच दुसरा दणकट लॉकर बसव. मजुरी एकदाच पडेल.

भाचा : म्हणजे लिफ्टचे पैसे त्यात गेले.

मामा : गेले.